सड्यावरची सीतेची आसवं

सप्टेंबर आला की सगळ्यांच्या फोनवर कास पठाराचे फोटो फिरायला लागतात, सगळीकडे निळं-जांभळं, मध्ये मध्ये पांढरे ठिपके, कुठेतरी पिवळा पट्टा, आणि खाली लिहिलेलं असतं "स्वर्ग". मला ते फोटो आवडतात, अगदी मनापासून आवडतात, पण त्या निळ्या रंगातलं मुख्य फूल कुठलं हे फोटोखाली क्वचितच कोणी लिहितं. ती सीतेची आसवं. शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया परप्युरॅसेन्स. आज फक्त या एका फुलाबद्दल लिहायचंय, आणि ते ज्या कातळावर राहतं त्या कातळाबद्दल, कारण ह्या दोन गोष्टी मला तरी वेगळ्या काढता येत नाहीत आणि कोणी काढू पण नयेत असं वाटतं.

एकटं फूल बघितलं तर जेमतेम सेंटीमीटरभर. वरचा ओठ छोटा, खालचा रुंद आणि जरासा फुगीर, रंग निळा आणि जांभळा याच्या मधला कुठलातरी, आभाळ भरलेलं असताना निळा वाटतो आणि ऊन पडलं की जांभळ्याकडे झुकतो, खालच्या ओठाच्या बुडाशी पांढरट डाग, आणि मागे एक छोटी निमुळती नळी, त्याला स्पर म्हणतात, मध असतो तो त्यात. देठ एकदम बारीक, वीतभरही उंच नाही बऱ्याचदा, आणि त्या देठाला एकही पान दिसत नाही. नुसता देठ आणि वर दोन-चार फुलं, काही उमललेली, काही कळ्या, बाकी खाली चिखल आणि पाणी. असे देठ एकाला एक लागून इतके येतात की लांबून नुसता रंग दिसतो, फूल दिसतच नाही. फूल बघायचं असेल तर गुडघ्यावर बसावंच लागतं, दुसरा उपाय नाही.

या जातीचं वर्णन पहिल्यांदा छापलं गेलं 1839 मध्ये. जॉन ग्रॅहम नावाचा माणूस मुंबईत पोस्ट खात्यात होता, नोकरी सांभाळून त्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची एक मोठी यादी केली, त्यात हे नाव आलं. तो त्याच वर्षी खंडाळ्याला वारला, यादी पुरी छापून झालेली त्याला बघायला मिळाली नाही, शेवटचा भाग दुसऱ्याने पुरा केला. पण नाव टिकलं. आजही शास्त्रीय नावाच्या मागे ग्रॅहम लागतो. युट्रिक्युलॅरिया हा सगळा मोठा गोतावळा आहे, लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानातल्या पीटर टेलरने 1989 मध्ये जगभरातल्या 214 जाती मोजल्या होत्या, आता त्यात भर पडून आकडा अडीचशेच्या जवळ गेलाय, त्यातल्या काही तळ्यात तरंगतात, काही झाडांच्या ओल्या सालीवर वाढतात आणि आपल्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, बहुतेक ओल्या मातीत.

आता खरी गंमत जमिनीखाली आहे. हिला मुळं नाहीत. म्हणजे बारीक आहेत, तुटकी आहेत असं नाही, नाहीतच. मातीच्या वरच्या थरात अगदी बारीक आडवी खोडं पसरलेली असतात, त्यांनाच जमिनीलगत छोटी अरुंद पानं येतात, आणि त्याच खोडांवर इकडेतिकडे पारदर्शक पिशव्या असतात, एकेक पिशवी साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान. भिंग असेल तरच दिसतात. या पिशव्या म्हणजे सापळे. सीतेची आसवं ही मांसाहारी वनस्पती आहे, हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग पुन्हा फुलाकडे वाकून बघतात, आणि फुलात काहीच सापडत नाही कारण शिकार फुलात होतच नाही, ती खाली चिखलातल्या पाण्याच्या थेंबाथेंबात चालू असते.

सापळा कसा चालतो ते जरा सविस्तर सांगते कारण मला हा भाग कितीही वेळा वाचला तरी पुरत नाही. पिशवीच्या भिंतीत ग्रंथी असतात, त्या आतलं पाणी सतत बाहेर काढत राहतात. त्यामुळे पिशवी आत चेपली जाते, औषधाचा ड्रॉपर रबर दाबून धरल्यावर दिसतो तशी, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. तोंडाला एक दार असतं, आतल्या बाजूला उघडणारं, एरवी घट्ट बंद, पाणी आत जाऊ न देणारं. दाराजवळ बारीक केस असतात. एखादा सूक्ष्म जीव, म्हणजे एकपेशीय प्राणी, रोटिफर, छोटे कृमी असलं काहीतरी, पाण्यातून जाताना त्या केसाला लागला की दार आत वळतं, चेपलेल्या भिंती एकदम बाहेर येतात, पाणी आत खेचलं जातं आणि त्याबरोबर तो जीवही, आणि दार पुन्हा बंद. हे आत खेचलं जाणं एका मिलिसेकंदाच्या आत होतं. सेकंदाचा हजारावा भाग. 2011 मध्ये हाय-स्पीड कॅमेरे लावून पाण्यातल्या जातींच्या सापळ्यांचं हे मोजलं गेलं. वनस्पतींच्या जगातल्या सगळ्यात जलद हालचालींपैकी ही एक आहे. मग आत विकरं सुटतात, जीव विरघळतो, ग्रंथी पुन्हा पाणी उपसायला लागतात आणि साधारण अर्ध्या तासात सापळा परत तयार.

डार्विनने मांसाहारी वनस्पतींवर 1875 मध्ये लिहिलं त्यात युट्रिक्युलॅरियाचाही मोठा भाग आहे, पण त्याला वाटलं होतं की प्राणी स्वतःच डोकं खुपसून दार ढकलतो आणि आत अडकतो. खेचलं जातं ही गोष्ट विसाव्या शतकात कळली. डार्विनसारख्या माणसालाही नुसत्या डोळ्यांनी हे पकडता आलं नाही, इतकं ते जलद आहे. आणि हे सगळं आपल्याकडे साताऱ्याच्या डोक्यावर, आंबोलीला, कोल्हापूरच्या पठारांवर दर पावसाळ्यात चालू असतं, आपल्या बुटांपासून चार बोटांवर.

पण एवढा खटाटोप का करायचा? बाकीची झाडं मुळं सोडतात आणि जगतात की. याचं उत्तर कातळात आहे, आणि इथे मला जास्त वेळ लागणार आहे.

सह्याद्री मुळात बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक. त्या बेसाल्टवर पुढे लाखो वर्षं ऊन आणि पाऊस पडत राहिला आणि पावसाच्या पाण्याने दगडातून सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियम असं सगळं धुऊन नेलं, मागे राहिलं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. तो राहिलेला तांबडा, भोकाभोकांचा दगड म्हणजे जांभा. खाणीतून कापताना मऊ असतो, उघड्या हवेत राहिला की कडक होतो, म्हणून तर कोकणात घरांना त्याचेच चिरे. आता झाडाच्या बाजूने विचार करा, ज्या दगडातून झाडाला लागणारं जवळजवळ सगळं वाहून गेलंय त्या दगडावर जी माती तयार होईल तिच्यात काय उरणार? नायट्रोजन कमी, फॉस्फरस कमी, माती आम्लधर्मी, आणि तीही किती तर काही ठिकाणी दोन बोटं, काही ठिकाणी नुसता मळीसारखा थर. खाली कडक कवच, त्यात मूळ घुसत नाही. त्यामुळे तिथे मोठं झाड उभंच राहू शकत नाही. आपण म्हणतो सडा उजाड आहे, पण तो उजाड असण्यामागे ही सगळी कारणं आहेत, कोणी झाडं तोडली म्हणून तो तसा झालेला नाही. बरेच लोक चांगल्या मनाने सड्यावर वृक्षारोपण करायला जातात, रोपं घेऊन, खड्डे खणायला पहारी घेऊन, आणि मला त्यांना थांबवून हेच सांगावंसं वाटतं की इथे कधी जंगल नव्हतं, तुम्ही जिथे खड्डा घेताय तिथेच ते फूल आहे.

थॉमस गिव्हनिश नावाच्या शास्त्रज्ञाने 1984 मध्ये एक साधा हिशोब मांडला होता, की सापळे बनवणं झाडाला महाग पडतं, जो माल पानात जाऊन अन्न बनवू शकला असता तो सापळ्यात जातो, त्यामुळे मांसाहार परवडतो फक्त अशा जागी जिथे ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि माती मात्र कंगाल. मला हे वाचल्यावर वाटलं की हा माणूस आपल्या सड्याचंच वर्णन करतोय. सावली देणारं झाड नाही म्हणून ऊन पूर्ण. कास 1200 मीटरच्या आसपास उंच, पावसाळ्यात ढगातच असतं, खालचं कवच पाणी मुरू देत नाही म्हणून पाणी वरच्यावर राहतं. आणि माती तर सांगितलीच. या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच हिचा निभाव लागतो, एक काढली की गेली. खत टाका, गवत उंच वाढेल, सावली पडेल, ही गेली. पाण्याची वाट बदला, गेली. माती आणून भरा, गेली. गरिबी हेच हिचं संरक्षण आहे, कारण त्या गरिबीत तिला चिरडून टाकतील अशी मोठी झाडंझुडपं टिकत नाहीत.

पाण्याबद्दल एक गोष्ट मला पुस्तकात नाही तर पठारावर कळली. गुरं घेऊन आलेले एक म्हातारे बाबा होते, डोक्यावर इरलं, मी खाली बसून फोटो काढत होते ते थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, निळं फूल हुडकताय व्हय? पानी बघा आधी. पानी जिथनं हळू सरकतंय ना तिथंच त्ये येतंय. साचून डबकं झालं की न्हाई, अन् निथळून कोरडं पडलं की बी न्हाई." मी त्यानंतर दर वेळी असंच बघते आणि ते अगदी बरोबर आहे. सड्याला नजरेला कळणार नाही असा उतार असतो आणि त्या उतारावरून पाण्याचा पातळ थर सरकत असतो, बोटाच्या पेराएवढाही खोल नसतो, आणि निळा पट्टा बरोबर त्या वाटेने गेलेला असतो. डबक्यात दुसरी मंडळी, खोलगट जागेत जिथे थोडी जास्त माती साचलीये तिथे वायतुरा आणि सोनकी, भेगांमध्ये अजून वेगळी, दगडांच्या कपारीत वेगळी. दहा पावलांत पाच वेगळे शेजार बदलतात. बाहेरच्या माणसाला सगळं एकच पठार वाटतं.

हिचा अगदी पक्का शेजारी म्हणजे गेंद. पांढरे गोल डोके, बारीक देठावर, फोटोत निळ्यात जे पांढरे ठिपके दिसतात ते बहुतेक हेच. दोघांना तीच पातळ ओल लागते. त्यांच्यातच नीट बघितलं तर दवबिंदू सापडतो, म्हणजे ड्रॉसेरा, तोही मांसाहारी, पण त्याचा सापळा उघड्यावर, पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यावर चिकटलेली माशी. एकाच हातभर जागेत दोन मांसाहारी वनस्पती, एक हवेतले किडे पकडतेय आणि एक मातीतले, त्यामुळे भांडण नाही. एवढीशी जागा आणि ती पण अशी वाटून घेतलेली, मला हे फार ग्रेट वाटतं.

आणि किड्यांवरून आठवलं, मांसाहारी झाडांची एक अडचण असते, जो कीटक परागीकरण करणार त्यालाच खाल्लं तर बी कसं धरणार. सीतेच्या आसवांना ही अडचणच नाही, सापळा जमिनीत आणि फूल वर. पाऊस थोडा थांबला, उघडीप मिळाली की मधमाश्या आणि फुलपाखरं येतात, खालच्या फुगीर ओठावर बसून स्परमधल्या मधापर्यंत सोंड घालतात. एकेकटं फूल इतकं लहान की कोणी लक्ष देणार नाही, पण लाखांनी एकदम फुलल्यावर माशीला लांबून रंग दिसतो. म्हणजे जो रंग बघायला आपण गाडी काढून जातो तो मुळात आपल्यासाठी नाहीच आहे, माशीसाठी आहे. आणि सप्टेंबरमध्ये चार दिवस सलग धो धो लागला की माश्या येत नाहीत, तेव्हा पठारावर फोटो वाईट येतात म्हणून लोक हळहळतात आणि मला मात्र त्या माश्यांची काळजी लागते.

वर्षभराचं वेळापत्रक बघितलं तर ही बाई किती घाईत आहे ते कळतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तेव्हा सडा नुसता तापलेला काळा-तांबडा दगड असतो. आधी कंदवाल्या वनस्पती उठतात, त्यांच्याकडे गेल्या वर्षीची शिदोरी जमिनीखाली असते. सीतेच्या आसवांकडे काहीच शिदोरी नाही, ही वर्षायू आहे, म्हणजे दर वर्षी बियांपासून पुन्हा सुरुवात, गेल्या वर्षीचं झाड पूर्ण मेलेलं. जुलैत कातळ शेवाळ्याने हिरवा होतो, ओल पक्की होते, त्यात ही बारीक बारीक उगवते, तेव्हा बघूनही दिसत नाही. ऑगस्टच्या शेवटी पहिली फुलं, सप्टेंबरमध्ये बहर, आणि ऑक्टोबरचं ऊन लागलं की पाण्याचा थर आटतो आणि काही दिवसांत सगळं संपतं. उगवणं, वाढणं, शिकार, फुलणं, फळ, बी, सगळं चार महिन्यांत. छोटी बोंडं फुटतात आणि त्यातून धुळीसारखं बारीक बी मातीत पडतं, शेवटच्या पावसाबरोबर थोडं खाली वाहतं, कुठल्यातरी भेगेत, कुठल्यातरी पातळ मातीच्या थरात अडकतं. आणि तिथेच राहतं. नोव्हेंबर ते मे. त्या वेळी सडा इतका तापतो की दुपारी हात ठेववत नाही, गवत वाळून जातं, कुठे कुठे वणवा पण लागतो, आणि त्या सगळ्यात पुढच्या वर्षीचं सगळं निळं त्या दोन बोटं मातीत पडलेलं असतं.

मला जे सांगायचंय ते नेमकं हेच आहे. आपण सड्याची काळजी फक्त फुलं असताना करतो. सप्टेंबरमध्ये शिट्ट्या मारणारे गार्ड असतात, फुलं तुडवू नका म्हणून पाट्या असतात, ऑनलाइन बुकिंग असतं, गर्दीवर मर्यादा असते, आणि हे सगळं पाहिजेच, फुललेल्या झाडावर पाय पडला तर ते झाड आणि त्याचं सगळं बी गेलं. पण डिसेंबरमध्ये त्याच सड्यावर गाडी चढवली तर कोणाला काही वाटत नाही, "काही नाहीये तिथे, नुसता दगड आहे". क्रिकेट खेळा, टेंट लावा, शेकोटी पेटवा. चाकाखाली माती दाबली जाते, कवचावरून सुटून निघते, पुढच्या पावसात वाहून जाते आणि बी तिच्याबरोबर. जी झाडं कंदातून येतात ती एखादं वाईट वर्ष काढतात, हिला ती सोयच नाही. ही वर्षातले सात-आठ महिने फक्त बी म्हणून जिवंत असते, तेव्हा ते सात-आठ महिने तिची माती सांभाळली नाही तर सप्टेंबरमधल्या पाट्यांचा काय उपयोग?

कासचं निदान नाव तरी झालंय. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 जागा युनेस्कोच्या वर्ल्ड हेरिटेज यादीत गेल्या, त्यात महाराष्ट्रातल्या चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. लोक कासला ओळखतात, वनखातं आहे, आसपासच्या गावांची समिती आहे. पण सीतेची आसवं काही कासची एकट्याची नाही. चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या खाली आहे, मसाई पठारावर, आंबोलीला, आणि खाली कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर तिची भावंडं आहेत, एक तर भाताच्या बांधाला गवताला वेढे घेत वर चढते, फूल मोठं आणि त्यावर जाळीदार रेषा, ती युट्रिक्युलॅरिया रेटिक्युलाटा. कोकणातल्या सड्यांना कासचं वलय नाही. तिथे सरकारी कागदावर जमीन "पडीक", देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात खडकाळ उजाड जागा हा एक वेगळा रकानाच आहे. आणि एकदा पडीक म्हटलं की मग तिचं काहीही करायला मोकळीक. चिरेखाण काढा, मशीनने सगळा थर कापून न्या, खाली चौकोनी खड्डे उरतात आणि त्यात हिरवं पाणी. नाहीतर सुरुंग लावून खड्डे करा, बाहेरून डंपरने लाल माती आणून भरा आणि कलमं लावा. नाहीतर प्लॉट पाडा.

माझ्या एका नातेवाइकांच्या घरामागे असा सडा होता, गणपतीत आम्ही जायचो तेव्हा मागच्या दारातून निळं दिसायचं. तो विकला गेला, घेणाऱ्याने सपाट करून वर माती पसरली, कंपाउंड घातलं. त्यात बेकायदेशीर काहीच नाही, त्याची जमीन आहे, आणि कोकणातल्या माणसाला कलमांतून चार पैसे मिळू नयेत असंही मला अजिबात म्हणायचं नाही, पोट सगळ्यांना आहे. पण निदान व्यवहार होताना "इथे काहीच नव्हतं" असं तरी म्हणू नये. अपर्णा वाटवे यांनी 2013 मध्ये उत्तर सह्याद्री आणि कोकणातल्या अशा खडकाळ पठारांचा आढावा घेतला होता, या जागांचं महत्त्व आणि त्यांच्यावरचे धोके दोन्ही त्यात आहेत. म्हणजे माहिती नाही असं नाही. माहिती आहे, ती तलाठ्याच्या दप्तरापर्यंत आणि ग्रामसभेपर्यंत पोचलेली नाही.

कुंपणाचा वाद पण सांगायला हवा, कारण त्यात चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीचा परिणाम कसा उलटा होऊ शकतो ते दिसतं. मध्यंतरी कासच्या काही भागाला तारेचं कुंपण घातलं, लोकांनी तुडवू नये म्हणून. गुरंही आत जायची थांबली. मग गावकरी आणि काही अभ्यासक म्हणायला लागले की गवत वाढतंय, छोटी फुलं कमी होतायत, गुरं चरायची तेव्हा गवत आखूड राहायचं आणि या बुटक्या झाडांना ऊन मिळायचं, शेण पडतं, खुरांनी माती थोडी हलते तेही पूर्वीपासून चालत आलेलं आहे. दुसऱ्या बाजूने असंही म्हणणं होतं की गुरं जास्त झाली तर तीही तुडवणारच. मला स्वतःला गावकऱ्यांचं पटतं. ही पठारं शेकडो वर्षं गुरांबरोबर राहिलेली आहेत, गुरं पाण्याच्या वाटेत चिखलात फार वेळ उभी राहत नाहीत, गवताच्या मागे पुढे सरकतात, आणि वर सांगितलेल्या त्या बाबांना पाण्याची वाट जितकी माहीत होती तितकी कुठल्याही कुंपणवाल्याला माहीत नसेल. गर्दी आवरायची तर माणसांची आवरा, रस्त्यावरून वाट आखून द्या, पार्किंग पठारापासून लांब ठेवा.

मला मेसेजमध्ये विचारतात की घरी कुंडीत लावता येईल का. नाही, आणि कृपया प्रयत्नही करू नका. युट्रिक्युलॅरियाच्या काही परदेशी जाती शौकीन लोक कुंडीत वाढवतात हे खरं आहे, त्या जाती वेगळ्या, बारमाही टिकणाऱ्या. आपली सीतेची आसवं उपटली की दोन-चार तासांत मान टाकते, तिची ती पिशव्यांची खोडं मातीतच तुटून राहतात आणि हातात येतो फक्त देठ. नळाचं पाणी नको, खताची माती नको, चार महिने सरकतं पाणी आणि मग आठ महिने तव्यावर तापल्यासारखा उन्हाळा, हे गॅलरीत होणार नाही. ती जिथे आहे तिथेच चांगली आहे.

बघायला जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, शनिवार-रविवारी गर्दीत ना फूल बघून होतं ना फोटो. कासला पहिल्या उघडिपीत सकाळी नऊ-दहाच्या पुढे, तेव्हा माश्याही आलेल्या असतात. छोटं भिंग घ्या, दहापट दाखवणारं मिळतं ते पुरतं. आखलेल्या वाटेच्या कडेलाच पाण्याची धार शोधा, तिथे वाटेवरच बसून सगळं दिसतं, आत शिरायची गरज पडत नाही. फूल तोडू नका, देठ ओढून पिशव्या बघायचा मोह होतो तोही आवरा, वाटेच्या कडेला पाण्याने उघडं पडलेलं एखादं खोड सापडतं कधीकधी, त्यावर भिंग धरलं तर नशिबाने पिशव्या दिसतात.

आणि जमलं तर एकदा मे महिन्यात पण जा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. तेव्हा तिकीट नसतं, गार्ड नसतात, अख्खा सडा मोकळा असतो. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा, खाली उतरवू नका, आणि जिथे वाळलेल्या शेवाळ्याचा काळा पापुद्रा आणि पातळ माती दिसेल तिथे पाय न देता उघड्या दगडावरून चाला.